दूरचे दुकान आणि कोरी वही

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घाट ओलांडून पुढे गेला की सागाच्या दाट रानात, सिपना नदीच्या काठी, सेमाडोह हे गाव लागते. मेळघाट व्याघ्र प्रकल्प पाहावयास येणारे पर्यटक येथे मुक्काम करतात. त्यामुळे चहा, बिस्किटे आणि पाण्याच्या बाटल्या यांची येथे ददात नाही. परंतु लेखनसामग्री म्हणाल, तर किराणा दुकानात गल्ल्याशेजारच्या डब्यात उभी करून ठेवलेली पाच-दहा रुपयांची बॉलपेने आणि दोरीने बांधलेला शंभर पानी वह्यांचा गठ्ठा, एवढ्यावर सारे आटोपते. यात दुकानदाराचा दोष नाही. जे खपते तेच तो ठेवणार. फाउंटन पेनची निब, टिकाऊ काळी शाई, शाई पलीकडे न फुटणारा कागद, असल्या गोष्टींसाठी पूर्वी सुमारे ५० किलोमीटरवरचे परतवाडा गाठावे लागे, तेथे न मिळाल्यास अमरावती, आणि अमरावतीतही "आता हे कोण वापरतं, गुरुजी?" असा प्रश्न ऐकून रिकाम्या हाताने परतण्याची तयारी ठेवावी लागे.

मोबाईल आला आणि हे चित्र पालटले. जरा उंचावर जाऊन उभे राहावे, रेंजची कृपा व्हावी, की जपानची निब, जर्मनीची शाई, तमिळनाडूत लेथवर घडवलेले पेन, पुण्या-मुंबईच्या वह्या, सारे काही तळहातावरच्या काचेत दिसू लागते. पैसे भरावेत, पत्ता लिहावा आणि वाट पाहावी. आठ-दहा दिवसांनी खोका दारात येतो. या खरेदीत एक विलक्षण सुख आहे, आणि ज्यांनी ते चाखले आहे त्यांना त्याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. प्रश्न असा की, या सुखाकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे? तरुण मंडळी म्हणतात, पैसे आमचे, आवड आमची, विचारणारे तुम्ही कोण? वडीलधारी म्हणतात, दहा रुपयांच्या पेनाने लिहिलेले अक्षर वाचता येत नाही काय? दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात. दोघांपैकी कोणीही त्या सुखाकडे नीट निरखून पाहिलेले नसते.

तेव्हा आधी ते निरखू या. पहिली गोष्ट ही की, हे सुख वस्तू हातात पडण्यापूर्वीच पुष्कळसे भोगून झालेले असते. ते निवडण्यात असते. निब बारीक घ्यावी, मध्यम की रुंद? जपानी बनावटीची 'मध्यम' निब युरोपीय 'बारीक' निबेच्या जवळ जाते, हे एकदा कळले की मनुष्य स्वतःच्या अक्षराविषयी विचार करू लागतो. माझा 'क्ष' किती जागा खातो? वेलांटी देताना माझा हात दाबला जातो की उचलला जातो? शिरोरेघ मी आधी ओढतो की शब्द संपल्यावर? वर्षानुवर्षे लिहीत असूनही हे प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारलेले नसतात. देवनागरी अक्षराची घडण बोरूने केली. तिरक्या छाटलेल्या टोकामुळे एक रेघ जाड आणि दुसरी बारीक उमटे, आणि त्या चढउतारात अक्षराचे सौंदर्य असे. बॉलपेनच्या गोळीने ती जाडी-बारकाई सपाट करून टाकली. आज कोणी तिरक्या टोकाची निब शोधत रात्री जागतो तेव्हा, त्याला ठाऊक असो वा नसो, तो आजोबांच्या दप्तरातल्या मोडीच्या आणि बाळबोध अक्षराच्या वळणाचा माग काढीत असतो.

मग शाई. पडद्यावरचा निळा रंग आणि कागदावरचा निळा रंग यांची कधीच गाठ पडत नाही. म्हणून दुसऱ्यांनी केलेली वर्णने वाचावी लागतात. वाळल्यावर फिकी पडते, पाण्याचा थेंब पडला तर पसरते, निबेत सुकून बसते, असले अनुभव लोकांनी मोठ्या आस्थेने लिहून ठेवलेले असतात. मग कागद. साध्या वहीचा कागद शाई पितो आणि मागच्या पानावर डाग उमटवतो. चांगला कागद शाईला वर धरून ठेवतो आणि तिला निवांत वाळू देतो. या साऱ्या निवडानिवडीत एक गोष्ट नकळत घडते. पेन निवडणारा माणूस मनातल्या मनात लिहू लागलेला असतो. चपला घेताना आपण त्या घालून कोठे जाणार, याचे स्वप्न कोणी रंगवत नाही. पेन घेताना मात्र डोळ्यांपुढे एक पान येते, त्या पानावर कोणाचे तरी नाव येते. धाकट्या भावाला पत्र लिहायचे राहिले आहे. आईच्या आठवणी लिहून काढायच्या आहेत. रोजनिशी पुन्हा सुरू करायची आहे. त्या सुखाचा गाभा हा आहे, असे मला वाटते. ते सुख न लिहिलेल्या पत्राकडून उसने घेतलेले असते.

(जाता जाता एक सांगून टाकतो. चांगल्या पेनाने अक्षर सुधारते, ही समजूत खोटी आहे. चांगल्या पेनाने वाईट अक्षर अधिक ठळक दिसते, इतकेच.)

वाट पाहण्यातही सुख आहे. पार्सल अमरावतीस पोहोचले, परतवाड्यात आले, अशा वार्ता फोनवर येत राहतात. श्रावणात नदी-नाले भरून वाहू लागले की रस्ता अडतो, आणि हजारो मैल प्रवास करून आलेली शाईची बाटली शेवटच्या पन्नास किलोमीटरसाठी दोन दिवस खोळंबते. मग ओल्या रेनकोटातला एक पोरगा मोटारसायकल उभी करून दारातून हाक मारतो. त्याला पाणी द्यावे, चहा विचारावा. बहुधा तो थांबत नाही, कारण त्याला अंधार पडण्यापूर्वी घाट उतरायचा असतो. आपल्या सुखाच्या वाटेवरचा आपल्याला दिसणारा तो एकमेव माणूस. बाकीचे सारे अदृश्य.

हे दुरून मागवणे नवे आहे, असे मानणाऱ्यांची स्मरणशक्ती तोकडी म्हणावी लागेल. आपल्या टपाल खात्याने व्ही. पी.ची पद्धत १८७७ साली सुरू केली. पोस्टमनच्या हातावर पैसे मोजावेत आणि पुडके ताब्यात घ्यावे, या सोयीवर खेड्यापाड्यांतल्या कितीतरी शिक्षकांची घरगुती ग्रंथालये उभी राहिली. दिवाळी अंक, घड्याळे, औषधे, बी-बियाणे, सारे व्ही. पी.ने येई. शाईसुद्धा तशीच दूरवर पोहोचे. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी जो कारखाना सुरू केला आणि जो पुढे कॅम्लिन या नावाने घरोघर पोहोचला, त्याचा आरंभ शाईची पूड आणि शाईच्या गोळ्या यांनीच झाला होता. पूड हलकी, न सांडणारी, खेड्यातल्या शाळेपर्यंत सहज जाणारी. पाणी ज्याचे त्याने घालावे. फरक इतकाच की, जुन्या जाहिरातीला चार ओळी असत आणि सूचिपत्राला शेवटचे पान असे. आजच्या दुकानाला शेवटचे पान नाही. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

त्याआधी या दूरच्या दुकानाच्या पदरात एक माप न्यायाचे टाकले पाहिजे. तालुक्याच्या गावातले पेनांचे काचेचे कपाट आठवा. ते उघडायला लावायचे तर अंगावरचे कपडे बरे हवेत. रानातून आलेला कोरकू मुलगा त्या काचेपुढे उभा राहून बोट दाखवू लागला, तर पेन बाहेर काढण्याऐवजी त्याला आधी किंमत सांगितली जाते, आणि ती सांगण्याच्या सुरातच उत्तर असते. फोनमधल्या दुकानाला पायातल्या चपला दिसत नाहीत. सेमाडोहच्या मुलाला आणि मलबार हिलवरच्या मुलाला तेथे एकच कपाट उघडे असते. किंमत दोघांना परवडणार नसेल किंवा एकालाच परवडेल, परंतु पाहण्याचा, तुलना करण्याचा, नको म्हणण्याचा अधिकार दोघांना सारखा मिळतो. निवड करता येणे ही माणसाच्या प्रतिष्ठेची गोष्ट आहे. गेल्या दशकात आदिवासी विकास विभागाने आश्रमशाळा आणि वसतिगृहांतील मुलांना वह्या-पेनांसारख्या वस्तू वाटण्याऐवजी त्यांची रक्कम खात्यात जमा करण्याची पद्धत आणली. तिच्या अंमलबजावणीविषयी पुष्कळ तक्रारी झाल्या. पैसे उशिरा आले, बँक दूर पडली, पैसा घरच्या अडचणीत खर्च झाला. त्या तक्रारी खऱ्या आहेत. तरीही, वाटपात जे मिळेल ते घेणारा मुलगा आणि दोन पेने हातात घेऊन 'हे नको, ते द्या' म्हणणारा मुलगा, यांच्या चेहऱ्यांतला फरक शिक्षकाला विसरता येत नाही.

परंतु ज्या दुकानाला आपल्या चपला दिसत नाहीत त्याला आपला चेहराही दिसत नाही, आणि आपल्याला त्याचा दिसत नाही. येथे मला याच विदर्भातल्या एका जुन्या प्रसंगाची आठवण होते. १९३५ च्या जुलै महिन्यात गांधीजींचा मुक्काम वर्ध्याला होता. आंध्रातील राजमुंद्रीच्या के. व्ही. रत्नम या कारागिराने घडवलेले एक फाउंटन पेन त्यांच्यापर्यंत पोहोचले, आणि बाजारातल्या परदेशी पेनांच्या जागी ते चालण्यासारखे आहे, असे गांधीजींनी त्याला पत्राने कळवले. ते पेन ज्यांच्या हातून गेले ते गृहस्थ म्हणजे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा. तंजावरकडच्या ख्रिस्ती कुटुंबात १८९२ साली जन्मलेले, व्यवसायाने हिशेबतपासनीस, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत घाणी, मधमाश्या आणि हातकागद यांच्यामध्ये राहिले. आपल्या महाराष्ट्रातील ख्रिस्ती वाचकांना त्यांची ओळख असावी तितकी नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

कुमारप्पांनी १९३६ च्या सुमारास ग्रामोद्योगाच्या समर्थनार्थ एक पुस्तक लिहिले. त्यातला एक विचार हिशेबतपासनिसालाच सुचावा असा आहे. प्रत्येक वस्तूच्या अंगाला तिच्या निर्मितीतले बरेवाईट चिकटून येते. कोकोचा पेला तोंडाला लावणाऱ्याने आफ्रिकेतल्या मळ्यांवर सक्तीने राबणारे मजूर, बोटी, कारखाने आणि जकाती या सर्वांशी आपला संबंध जोडलेला असतो. विकत घेणारा हात त्या साखळीतून सुटत नाही. आपल्या व्यवहाराच्या परिणामांची हमी आपल्याला देता येत नसेल, तर ज्यांची देता येईल तेवढ्या वर्तुळातच व्यवहार करावा, हा त्यांच्या मते स्वदेशीचा पाया होय. चोरीचा माल घेणारा जसा चोरीत भागीदार, तसाच हा न्याय.

या कसोटीवर दूरचे दुकान टिकते काय? सरसकट 'नाही' असे म्हणणे सोपे आहे. सेमाडोहमध्ये बसून मी परदेशी पेन मागवतो, तेव्हा ते कोणत्या कारखान्यात, किती तास राबणाऱ्या हातांनी जोडले, कोणत्या गोदामात कोणी धावतपळत खोक्यात भरले, यातले मला काहीही ठाऊक नसते. पण कुमारप्पांचे वर्तुळ परकाराने काढलेले नव्हते. राजमुंद्री काही वर्ध्याच्या वेशीवर नाही. ते पेन शेकडो मैल दुरून आले, आणि तरीही वर्तुळाच्या आत होते; कारण घडवणाऱ्याचे नाव माहीत होते, आणि पेन मिळाल्याचे उत्तर त्याला गेले. आज तमिळनाडूतील तिरुवल्लूरला रंगा पेन्सचे कारागीर लेथवर एबोनाइटचे दांडे कातून पेने घडवतात. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कठीण केलेले रबर. कातताना त्याचा वास येतो आणि नव्या पेनाला तो काही दिवस राहतो. अशा कारागिराचा माल गावातला दुकानदार कधीच ठेवणार नाही, कारण महिन्याला एकही गिऱ्हाईक यायचे नाही. पण देशभर आणि देशाबाहेर विखुरलेली, प्रत्येक गावात एखादेच असलेली वेडी माणसे त्याला दुरून गाठतात आणि त्याची चूल पेटती राहते. कोलकात्याची सुलेखा शाई १९३४ साली स्वदेशीच्या प्रेरणेने जन्मली, १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडली, २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली. आणि अलीकडे तिच्या नव्या रंगांच्या दौती मागवणारे बहुतेक लोक कोलकात्यापासून दूरच राहतात. तेव्हा अंतर हा मुख्य प्रश्न राहत नाही. घडवणाऱ्याला आपण विचारू शकतो काय, आणि विचारल्यावर उत्तर येते काय, हा प्रश्न राहतो. ज्या खरेदीत विचारणेच अशक्य, तेथे आपण डोळे बांधून चाललो आहोत, हे निदान स्वतःशी मान्य करावे.

खोक्याचाही हिशेब आहे. बोटभर पेनाभोवती पुठ्ठा, त्याभोवती फुगेदार प्लास्टिक, त्याभोवती चिकटपट्टीचे वेढे. शहरात हे सारे कचऱ्याच्या गाडीत जाऊन डोळ्यांआड होते. सेमाडोहला कचरा गावातच राहतो, किंवा पावसाबरोबर नदीत जातो, आणि नदी वाघाच्या रानातून वाहते.

आता अवघड आक्षेपाकडे वळतो. १९९३ साली बालमृत्यूंच्या बातम्यांमुळे मेळघाटचे नाव देशभर झाले. कुपोषणाचा प्रश्न त्यानंतरही मिटला नाही. सरकारे आली-गेली, न्यायालयात याचिका झाल्या, संस्थांनी आयुष्ये वेचली. अशा भूमीत बसून चार हजार रुपयांचे पेन मागवावे काय? त्या चार हजारांत एका कुटुंबाचा महिन्याचा किराणा येईल. हा आक्षेप ऐकला की मान खाली जाते, आणि जायलाच हवी. तरीपण याच युक्तिवादाचा जनक शुभवर्तमानात कोण आहे, ते आपण विसरू नये. बेथानीत मरियेने मोलाचे सुगंधी तेल प्रभूच्या चरणांवर ओतले, तेव्हा हे तीनशे दिनारांना विकून गोरगरिबांना का दिले नाही, असे विचारणारा यहुदा होता. आणि योहान स्पष्ट सांगतो की त्याला गरिबांची काळजी नव्हती. यावरून उधळपट्टीला आशीर्वाद मिळतो, असे मात्र कोणी समजू नये. त्या कथेत तेल ओतले गेले. मार्कच्या वृत्तांतात तर कुपी फोडलीच गेली. ती कुपी मरियेने कपाटात मांडून ठेवली असती, पाहुण्यांना दाखवली असती, तिच्याशेजारी दुसऱ्या रंगाची कुपी आणून ठेवली असती, तर यहुदाच्या प्रश्नाला उत्तर देणे कठीण झाले असते. महागडे पेन कोणावर ओतले गेले, हे त्या पेनाविषयी विचारायला हवे. एखाद्या शिक्षिकेने एकाच चांगल्या पेनाने वीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्या असतील, तर त्या पेनाच्या किमतीविषयी मी तिला एक शब्दही विचारणार नाही.

म्हणूनच माझी चिंता किमतीपेक्षा वेगळी आहे. मघाशी म्हटले, खरेदीचे सुख न लिहिलेल्या पत्राकडून उसने घेतलेले असते. उसने फेडावे लागते. पेन आले, पत्र लिहिले, की ऋण फिटले. पण पेन आल्यावर पत्र न लिहिता दुसऱ्या पेनाचा शोध सुरू झाला, तर एक चमत्कारिक गोष्ट घडते: पत्र लिहिण्याचे समाधान पत्राविनाच मिळू लागते. माझ्या परिचयाचे एक सद्गृहस्थ आहेत. अत्यंत सज्जन, दानधर्मात मागे न राहणारे. त्यांच्याकडे अकरा फाउंटन पेने आणि उत्तम कागदाच्या नऊ वह्या आहेत. त्यांतली एक वही त्यांनी आपल्या वडिलांच्या आठवणी लिहिण्यासाठी आणली. ती इतकी देखणी होती की तिच्यात खाडाखोड करायला मन धजेना. मग कच्च्या लिखाणासाठी दुसरी आणली. तीही चांगली निघाली. वडिलांना ओळखणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत, आणि वह्या कोऱ्या आहेत. दुकानाला शेवटचे पान नाही, असे मी म्हणालो ते याच अर्थाने. जुने सूचिपत्र वाचून संपे, आणि संपल्यावर मनुष्य आपोआप टेबलापाशी जाई. आजचे दुकान 'हे पाहिलेत, आता हेही पाहा' म्हणत राहते, आणि हाच त्याचा धंदा आहे. लिहायला बसलेला माणूस त्याच्या उपयोगाचा नसतो.

लेखक आणि पत्रकारांचे आश्रयदाते म्हणून पोप पायस अकरावे यांनी १९२३ साली ज्यांना घोषित केले, त्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांचे नाव नागपूर-अमरावतीकडच्या भाविकांना परके नाही. त्यांच्या नावाच्या संघाच्या धर्मगुरूंनीच या मुलखात दीर्घकाळ मिशनकार्य केले. १५९० च्या दशकात शाब्ले प्रांतात लोक प्रवचनाला येईनात, तेव्हा त्यांनी हाताने पत्रके लिहिली आणि ती दारांच्या फटींतून घरोघरी सरकवली. दारात येणारा कागद असाही असतो. पुढे प्रापंचिक माणसांसाठी लिहिलेल्या आपल्या १६०९ च्या ग्रंथात त्यांनी वस्तू बाळगण्याविषयी मोठ्या सौम्यपणे लिहिले आहे. ते वस्तू टाकून द्या म्हणत नाहीत. ती हरवली तर तुमचे काय होईल, आणि जी नाही तिच्यासाठी तुम्ही किती काळ झुरता, एवढेच तपासायला सांगतात. अकरा पेनांच्या धन्याला ही तपासणी कठीण जाणार नाही. बाराव्या पेनाची आठवण झाली की ती आपोआप सुरू होते.

लेखनसामग्रीची खरी भूक कशी असते, हे पाहायचे तर पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवट काढून वाचावा. तुरुंगात मृत्यूची वाट पाहणारा वृद्ध प्रेषित थोड्याच वस्तू मागतो: त्रोवसला कार्पाच्या घरी राहिलेला झगा, पुस्तके, आणि विशेषतः चर्मपत्रे. हिवाळा जवळ येत होता, म्हणून झगा. पण 'विशेषतः' हा शब्द त्याने चर्मपत्रांना लावला आहे. त्या चर्मपत्रांवर काही लिहिलेले होते की ती कोरी होती, यावर अभ्यासक वाद घालतात. मला दोन्ही शक्यता सारख्याच हृद्य वाटतात. उलट योहानाच्या नावावरच्या छोट्या पत्रांचा लेखक सांगतो की लिहायचे पुष्कळ आहे, पण शाई आणि लेखणीने ते लिहू नये असे वाटते. लवकरच भेट होईल, मग समोरासमोर बोलू. एकाला कागद हवा आहे, दुसऱ्याला तो पुरत नाही. दोघांच्याही मनात समोर एक माणूस आहे.

सेमाडोहला पर्यटकांना जंगल दाखवणारा एक तरुण माझ्या ओळखीचा आहे. घरात कोरकू बोलतो. मराठी-हिंदीशी नाते नसलेली ही मुंडा कुळातली भाषा. शाळेच्या वहीत तिला फारशी जागा मिळाली नाही. मागच्या वर्षी त्याने फोनवर बरेच दिवस शोधून एक पेन आणि एक जाड कागदाची वही मागवली. पेन चारशेचे. त्याला शाई पाण्यात न पसरणारी हवी होती, कारण पावसाळ्यात वही भिजते. त्याने मला विचारले, दुकानदाराने लिहिले आहे ते खरे असेल काय? मी म्हटले, एका पानावर लिहून नळाखाली धर. त्याने धरले. थोडी पसरली, वाचता आली. वहीत तो आजीकडून ऐकलेली झाडांची कोरकू नावे लिहितो, शेजारी मराठी नावे, आणि त्या झाडाचे काय करतात ते. काही ध्वनी देवनागरीत नेमके बसत नाहीत, तेथे तो स्वतःची खूण करतो आणि वहीच्या शेवटच्या पानावर त्या खुणेचा अर्थ लिहून ठेवतो. परवा भेटला तेव्हा आजी आजारी होती आणि साठ-सत्तर नावे झाली होती. शाई संपत आली आहे, नवी मागवली आहे, पण पार्सल परतवाड्यातच अडकले आहे, असे म्हणाला. तोवर पेन्सिलीने लिहितो आहे.